प्रार्थना करूनही थकवा का जात नाही?

"मॅडम, रोज प्रार्थना करतो तरी थकवा जात नाही, माझा विश्वास कमी पडतोय का?" ठाण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये हा प्रश्न इतक्यांदा आलाय की समोर कुणी ख्रिस्ती माणूस खांदे पाडून बसला की मी त्याची वाटच बघते. नर्स विचारतात, शिक्षिका विचारतात, पाळकांच्या मिसेस तर हमखास विचारतात, आणि त्या आधी दार नीट लागलंय ना ते बघून घेतात.

त्यातली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. विनयराव म्हणूया. पंचेचाळीशीचे, महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला, म्हणजे जीएसटीची विवरणपत्रं, ११ तारखेला जीएसटीआर-वन, २० ला थ्रीबी, मध्येच ऑडिटवाले. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. त्यावर चर्चचे खजिनदार, संडे स्कूलचे टीचर, आणि दर शुक्रवारी उपास-प्रार्थना. रात्री बाराला पडायचे आणि चारला उठून प्रार्थनेला बसायचे कारण कुणीतरी चर्चमध्ये साक्षीत, म्हणजे आपला अनुभव सांगताना, म्हटलं होतं की पहाटेची प्रार्थना देव लवकर ऐकतो. छातीत जड वाटायचं, मुलांवर खेकसायचे, आणि मग त्याचीच क्षमा मागत पुन्हा प्रार्थना.

मी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. छातीत जड म्हटलं की गप्पा नंतर, ईसीजी आधी. तो नॉर्मल आला, थायरॉईड-शुगरही ठीक, पण बी-१२ बरंच कमी निघालं आणि उपचार सुरू झाले. तुम्हालाही आठवडेच्या आठवडे थकवा असेल तर हीच पहिली पायरी, प्लीज. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता हे आपण मोठ्या कौतुकाने सांगतो आणि स्वतःची रक्ततपासणी मात्र टाळतो.

खरी गाठ सुटली ती नंतर. ते संडे स्कूलचे टीचर, म्हणून मी त्यांना विचारलं, बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट मुलांना कशी सांगता? ते खुलले. कर्मेल डोंगरावरचा अग्नी, मग ईजबेल राणीची धमकी, पळापळ, होरेबची गुहा आणि शेवटी ती शांत, मंद वाणी. छान सांगतात हो.

"मधलं काय केलंत?"

"कुठलं मधलं?"

मी बायबल पुढे सरकवलं. १ राजे, अध्याय १९. मोठ्याने वाचा म्हटलं. झुडपाखाली बसून एलीया म्हणतो पुरे झालं, माझा जीव घे, आणि तिथेच झोपतो. देवदूत त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं.

"देवदूताने त्याला काय विचारलं, विनयराव?"

त्यांनी बोट ठेवून पुन्हा वाचलं. "काही नाही. खा म्हणाला."

"मग?"

"मग तो परत झोपला." जरा थांबून, "त्याला परत झोपू दिलं."

"आणि रागावला कधी?"

"रागावलाच नाही." पुढची ओळ त्यांना वाचता येईना. दुसऱ्यांदाही भाकरच, आणि म्हणणं काय, तर वाट तुला फार लांबची आहे. 'तू इथे काय करतोस' हा देवाचा प्रश्न येतो तो दोन झोपा, दोन जेवणं आणि चाळीस दिवसांच्या चालीनंतर. इतकी वर्षं मुलांना शिकवताना ते नेमक्या याच ओळींवरून पुढे गेले होते.

खरं सांगू, मी शिकले ती विचारपद्धती मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची, आणि एलिस पक्के नास्तिक! पण 'मीच केलं पाहिजे, माझ्याशिवाय होणारच नाही' हा हट्ट चिमटीत पकडायला मला त्यांनीच शिकवलं. आणि त्याच अध्यायात एलीया देवाला दोनदा ऐकवतो की मीच काय तो एकटा उरलोय. देव त्याची समजूत घालत बसत नाही, माझ्याशी निष्ठावान असे सात हजार शिल्लक आहेत म्हणून आकडा देतो, आणि त्याच्या जागी कोण येणार त्या अलीशाचं नावही सांगतो. हे मी विनयरावांना सांगितलं नाही, फक्त विचारलं की चर्चचा हिशोब आणखी कुणाला येतो. मंडळीतली एक सीए करणारी मुलगी वर्षभर मागे लागली होती, मदत करू का काका म्हणून! तिला "नको बाळा, मी बघतो" असंच उत्तर मिळत होतं. पाळकसाहेबांनी तर दोन मिनिटांत होकार दिला.

चारचा अलार्म बंद केला. सहाला उठणं, आणि प्रार्थना ट्रान्स हार्बर लोकलमध्ये, कारण गाडी ठाण्याहूनच सुटते, जरा लवकर गेलं की बसायला मिळतं. घणसोलीपर्यंत एक स्तोत्र, मोबाईल बॅगेत. उपास मात्र डॉक्टरांना विचारून. याने विश्वास पातळ होईल अशी त्यांना धास्ती होती, तर मी एवढंच म्हटलं की वादळात येशू होडीत उशी घेऊन झोपला होता, त्याला कुणी अल्पविश्वासी म्हणालं का?

२० तारीख अजून जडच जाते, वडिलांचं आजारपण आहेच, ते मी बरं करू शकत नाही. पण वडिलांसाठी रविवारी दुपारी चर्चमधली दोन माणसं आळीपाळीने बसतात आणि तेवढ्या वेळात विनयराव झोपतात.

आणि एलीयासारखं 'पुरे झालं, आता जगायला नको' असं मनात येत असेल, तुमच्या किंवा घरात कुणाच्या, तर ते दुबळ्या विश्वासाचं लक्षण समजून लपवू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. पाळकांना सांगायचं असेल तर जरूर सांगा, पण फोन आधी लावा.