बुलेटचा पहिला गिअर आणि उजव्या पायाचा अंगठा

प्रश्न : आमच्याकडे १९७२ सालची बुलेट ३५० आहे. सासऱ्यांनी घेतलेली. आता माझे मिस्टर (वय ६१) चालवतात, म्हणजे रविवारी सकाळी देवळापर्यंत आणि परत. दीड महिन्यापूर्वी गाडी डबल स्टँडवर घेताना त्यांच्या कमरेत कळ आली आणि हातातून सुटून गाडी उजव्या अंगाला भिंतीवर कलली. एमआरआयमध्ये एल-४, एल-५ मणक्यांमधली चकती सरकल्याचं निघालं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. तरी हे मला चुकवून दोनदा गाडीवर बसले. पहिला गिअर पडत नाही म्हणतात. चौथ्यावरून तिसरा, दुसरा असं उतरतानाही अडतं. खाली दाबून पडणारे गिअर मात्र व्यवस्थित पडतात. गल्लीतला मेकॅनिक म्हणतो, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. हे म्हणतात, परक्याचा हात लावू देणार नाही, मी खाटेवरून सांगतो, तू पाना फिरव. परवा मी लिव्हर हातानं उचलून बघितली, तर ‘खट्’ करून पहिला पडला. मग बिघाड आहे तरी कुठे? आणि हे काम मला जमेल का? माझा हात शिलाई मशीनवर बसलेला आहे, पान्यावर नाही.
– एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर : ताई, हातानं उचलल्यावर ‘खट्’ झालं, हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं आणि मग फोन उचलला. एरवी मी या सदरात कुणाला फोन करत नाही. पण अंक छापून तुमच्या हातात पडायला महिना जातो आणि हे काम महिनाभर थांबणारं नव्हतं. आपलं फोनवर झालेलं बोलणं तुमच्या परवानगीनं इथे लिहितो, कारण जुनी बुलेट आणि दुखरी कंबर ही जोडी महाराष्ट्रात काही एकाच घरात नांदत नसणार.

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात असतो, ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. म्हणजे वेग वाढवताना पाय दाबायचा आणि पहिला टाकताना किंवा गिअर उतरवताना लिव्हर बोटांनी खालून उचलायची. तुमच्या पत्रात अडलेले सगळे गिअर उचलण्याचे होते. दाबण्याचा एकही नाही. आणि तेच गिअर तुमच्या हाताला पडत होते. म्हणून मी पहिला प्रश्न गाडीचा विचारला नाही. मिस्टरांच्या कुठल्या पायाला मुंग्या येतात, ते विचारलं. तुम्ही म्हणालात, उजव्या. पोटरीच्या बाहेरच्या अंगानं खाली अंगठ्यापर्यंत. आणि वर हेही सांगितलंत, की हल्ली चप्पल फरफटत चालतात, उंबऱ्याला ठेच लागते, मी त्यावरून बोलतेसुद्धा त्यांना.

ताई, त्यांना बोलू नका. पाऊल आणि अंगठा वर उचलायचं काम बऱ्याच अंशी ज्या नसेच्या जोरावर चालतं, ती नस एल-४, एल-५ मधल्या चकतीखाली सापडते. टाचांवर उभं राहून चार पावलं चालायला सांगा, असं मी म्हटलं. डावा पंजा उचलला गेला, उजवा जमिनीला टेकला. तुम्ही ते मला फोनवर सांगितलंत तेव्हा तुमचा आवाज बदलला होता. मी मेकॅनिक आहे, डॉक्टर नाही. पण एवढं सांगू शकलो की गिअर राहू द्या, आज दुपारीच डॉक्टरांना हे दाखवा. मिरजेत डॉक्टरांची वानवा नाही. पायातली ताकद कमी होत जाणं, लघवीवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा येणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नसते. ताबा गेला किंवा तो बधिरपणा आला, तर रात्रीसुद्धा थांबायचं नाही.

हे मला कुठून कळलं म्हणाल, तर स्वतःच्या मूर्खपणातून. १९९८ साली एका गिऱ्हाइकाच्या बुलेटचं इंजिन मी फ्रेममधून एकट्यानं उचललं. मदतीचा पोरगा चहा आणायला गेला होता आणि मला दम धरवला नाही. कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं. सहा आठवड्यांनी माझी स्वतःची बुलेट काढली, तर पहिला गिअर पडेना. तुमच्या मेकॅनिकसारखंच मीही गिअरबॉक्सवर खापर फोडलं. झाकण उघडलं, रॅचेटची (लिव्हरच्या हालचालीनं गिअर पुढे-मागे सरकवणाऱ्या आतल्या दातेरी भागाची) स्प्रिंग बदलली, पुन्हा बसवलं. पडेना. दुसऱ्यांदा उघडलं. तेव्हा शेजारच्या लेथवाल्याचा मुलगा लिव्हरवर पाय ठेवून म्हणाला, “मामा, पडतोय की!” दोष माझ्या पायात होता आणि मी पंधरा दिवस गाडी फाडत बसलो होतो. ते पंधरा दिवस गेले ते गेलेच. माझा उजवा अंगठा आजही पुरता उचलत नाही. त्या दिवसांत डॉक्टरांकडे गेलो असतो तर उचलला असता का, ते आता कोण सांगणार.

तुमच्या मिस्टरांना डॉक्टरांनी तपासलं, औषधं बदलली, व्यायाम लावले, आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं, हे तुम्ही कळवलंत. बरं वाटलं. आता गाडीकडे येऊ. कारण दोष फक्त पायाचा नव्हता, थोडा लिव्हरचाही होता. भिंतीवर कलली म्हटल्यावर मला तो संशय होताच.

मी तुम्हाला एक खूण करायला सांगितली होती. लिव्हर ज्या शाफ्टवर बसते त्याचं टोक आणि लिव्हर घासलेटच्या फडक्यानं पुसून दोन्हींवरून एकच रेघ ओढायची, नेलपॉलिशनं. तेल लागलं तरी ती लवकर जात नाही. वाळल्यावर कुणाला तरी मागचं चाक हळूहळू फिरवायला लावून, हातानं दहा वेळा गिअर वर-खाली टाकायचे. तुमची रेघ तुटली. लिव्हरवरची एकीकडे, शाफ्टवरची दुसरीकडे. म्हणजे लिव्हर शाफ्टच्या दात्यांवर घसरते आहे. हातानं सावकाश उचलली तर थोडी सरकून का होईना पकडते, पायाचा झटका बसला की पार सरकते. गिअरबॉक्स उतरवण्याचा इथे काही संबंध नाही.

हे काम तुम्हाला जमेल. शिलाई मशीनचा शटल काढून, साफ करून परत बसवणाऱ्या हाताला बुलेटची लिव्हर जड नाही. सुरू करण्यापूर्वी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा, लिव्हर किती वर-खाली बसली आहे ते त्यात दिसू द्या. लिव्हर आवळणारा बोल्ट नुसता सैल करू नका, पूर्ण बाहेर काढा. लिव्हर शाफ्टला जिथे आवळते तिथे तिला एक चीर असते, त्या फटीत घासलेटचे थेंब सोडून अर्धा तास जाऊ द्या. मग फटीत चपट्या पेचकसाचं टोक घालून किंचित पिळा आणि लिव्हर दोन्ही हातांनी हलवत हलवत सरळ बाहेर ओढा. हातोडी लावायची नाही. खाटेवरून कितीही आग्रह झाला तरी नाही. तो मार आतल्या रॅचेटला बसतो.

बाहेर आली की दाते जुन्या टूथब्रशनं साफ करून उजेडात बघा. शाफ्ट कडक असतो, लिव्हर त्या मानानं मऊ, त्यामुळे झिजते ती बहुधा लिव्हरच. दाते टोकाला गोल झाले असतील तर नवी घ्या, तिथे काटकसर नको. दाते शाबूत असतील, तर बोल्ट पूर्ण आवळल्यावर लिव्हरची फट पूर्ण मिटत होती का, ते आठवा, फोटोत दिसेल. फट मिटली की बोल्ट कितीही पिळा, आवळायला जागाच उरत नाही, आणि आपण मात्र बोल्टला दोष देत बसतो. अशा वेळी हॅकसॉचं पातं फटीतून चार-सहा वेळा फिरवलं की फट रुंदावते आणि लिव्हर पुन्हा पकडते. बोल्ट नवा घाला, खाली स्प्रिंग वायसर घाला.

लिव्हर आतल्या बाजूला वाकली आहे असं तुम्ही म्हणालात. ती शाफ्टवर असताना पाइप घालून सरळ करायचा मोह मिस्टरांना होईल. होऊ द्या, पण करू नका. काढलेली लिव्हर पिशवीत घालून लेथवाल्याकडे न्या, पाच मिनिटांचं काम आहे. आणि “वेल्डिंग मारून टाकू, कटकट मिटेल” असं कुणी म्हणालं तर लिव्हर पिशवीत घालून परत या. वेल्डिंग केलेली लिव्हर पुन्हा निघत नाही, त्या उष्णतेनं मागचं ऑइल सील (तेल गळू न देणारी रबरी कडी) जळतं आणि उद्या झाकण उघडायची वेळ आली की शाफ्ट कापावा लागतो. अशा कापलेल्या शाफ्टांचा एक डबा माझ्याकडे होता.

बसवताना एक करा. लिव्हर पूर्वीपेक्षा एक दाता वर बसवा. म्हणजे बूट सरळ तिच्याखाली जातो आणि बोटांऐवजी मांडीतून अख्खा पाय उचलून गिअर टाकता येतो. मी गेली कित्येक वर्षं असाच टाकतो.

एवढं करूनही फक्त उचलण्याचे गिअर अडले, तर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या झाकणाआड एक प्लेट असते, तिची जागा थोडी पुढे-मागे करता येते. लिव्हर वर आणि खाली सारखीच फिरून रॅचेटचा दाता पकडेल, अशी ती लावायची. हे काम मात्र जाणत्या माणसाकडून करून घ्या. त्यालाही फक्त झाकण काढावं लागतं. गिअरबॉक्स उतरवायची वेळ येते ती ॲक्सिलरेटर दिल्यावर गिअर आपोआप सुटायला लागला तर. तसं तुमच्याकडे काही नाही.

आता तुमच्या कमरेबद्दल, कारण घरात एक खाट पुरे. बुलेट दीडशे किलोच्या वर भरते. डबल स्टँडवर घेताना ती कमरेनं ओढायची नसते. मागच्या चाकाखाली इंचभर जाडीची फळी सरकवा, गाडी ढकलून चाक फळीवर घ्या, मग स्टँडवर पायानं भार द्या. निम्मं काम फळी करते. दोघं असल्याशिवाय हातच लावू नका. आणि पाटावर बसून, वाकून लिव्हरशी झटू नका. वाकून बसलं की उभं राहण्यापेक्षा चकतीवर जास्त ताण येतो, असं मला फिजिओथेरपीच्या मुलीनं सांगितलं होतं. तुमच्या घराला ओटा आहे म्हणालात. गल्लीतली तीन पोरं आणि एक रुंद फळी मिळाली तर गाडी ओट्यावर चढवा, उजवी बाजू अंगणाकडे करा, कडेपासून हातभर आत डबल स्टँडवर घ्या आणि दोर लावून खांबाला बांधा. तुम्ही अंगणात खुर्ची टाकून बसा. लिव्हर छातीसमोर येते. माझ्या गॅरेजातला सिमेंटचा कट्टा मी ९८ नंतर बांधला, आधी बांधायला हवा होता.

पुरवणी प्रश्न : (याच भगिनींचा, दुसऱ्या पत्रातून) लिव्हर बसली, रेघ आता तुटत नाही. हे म्हणतात, गाडी आठवड्यातून एकदा चालू केलीच पाहिजे, नाहीतर बॅटरी जाईल. यांना किक मारू देत नाही. मी मारू का? माझं वजन ५२ किलो आहे.

उत्तर : बॅटरीसाठी किक मारायची गरज नाही. तुमची बॅटरी ६ व्होल्टची आहे. तिची तार सोडवून ठेवा आणि महिन्यातून एकदा ६ व्होल्टच्याच चार्जरवर लावून आणा. पेट्रोलचा कॉक बंद ठेवा. गाडी दोन महिने उभी राहिली तर तिचं काही बिघडत नाही. बुलेट उभं राहायला माणसापेक्षा चांगली तयार असते.

तरीही तुम्हाला किक मारायचीच असेल (आणि दुसऱ्या पत्राच्या अक्षरावरून मला वाटतं, तुम्हाला ती मारायची आहे), तर वजनाची काळजी सोडा. बुलेट वजनानं नाही, जागा साधून चालू होते. चपला नकोत, बूट घाला. आधी चावी बंद ठेवून चार-पाच दिवस नुसता सराव करा. मग तार जोडून, पेट्रोलचा कॉक उघडून, चावी लावून किक हळूहळू दाबत न्या. एका ठिकाणी ती घट्ट होते आणि ॲमीटरचा (बॅटरीत वीज जाते की बाहेर येते ते दाखवणाऱ्या घड्याळाचा) काटा मधोमध येतो. तिथे डीकॉम्प्रेसरची (इंजिनातला कोंडलेला दाब सोडणारी) लिव्हर दाबून किक अगदी किंचित पुढे सरकवा, डीकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग अंगाचा सगळा भार टाकून एकाच दमात शेवटपर्यंत खाली. मधे पाय सोडला तर ती उलटा फटका देते.

मिस्टर खाटेवरून सूचना देतीलच. पण ॲमीटरचा काटा त्यांना तिथून दिसणार नाही. तो मधोमध आला की नाही, हे तुम्हीच बघायचं.