जुन्या मियाटाच्या दाराचं आतलं पॅनल फुगलंय, रेक्झिन सुटलंय. घरी दुरुस्त होईल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी १९९२ ची माझदा मियाटा आहे, काच हँडलने खालीवर होते, दोन्ही दारांची पॅनल खालच्या बाजूला फुगून दारापासून सुटली आहेत, एका दारावर रेक्झिनची कड निघाली आहे आणि दुकानदार नवीच पॅनल घ्या म्हणतोय. घरी नक्की दुरुस्त होतात. फक्त रेक्झिनपासून सुरुवात करू नका, ते काम सगळ्यात शेवटचं.

पहिल्या पिढीच्या मियाटात (१९८९ ते १९९७) दाराचं पॅनल म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटरचा दाबलेला लाकडी पुठ्ठा आणि वर रेक्झिन. काचेवरून ओघळणारं पाणी कुठल्याही गाडीत दाराच्या पोकळीत उतरतंच आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. ते पुठ्ठ्याला लागू नये म्हणून दाराच्या पत्र्यावर काळ्या ब्युटिलने (कायम चिकट राहणाऱ्या रबरी लांबीने) प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. स्पीकर किंवा काचेची यंत्रणा बदलताना हा पडदा फाटतो, मग तो अर्धवट चिकटवला जातो किंवा फेकूनच दिला जातो. त्यानंतर पुठ्ठा पाणी पितो, फुगतो, पॅनल दाराला धरून ठेवणाऱ्या क्लिपांची भोकं मऊ पडून फाटतात आणि पॅनल सुटतं. म्हणजे तुमचं पॅनल वयाने खराब झालेलं नाही, मागून भिजून झालंय. वरून कितीही सुंदर रेक्झिन चढवलं आणि मागचा पडदा तसाच ठेवला, तर एक-दोन पावसाळ्यांत पुन्हा हेच होईल.

पॅनल काढणं सोपं आहे. काचेची बटणं असलेल्या मियाटातही ती मधल्या कन्सोलवर असतात, दारात नाहीत, आणि या पिढीत दारात एअरबॅगही नाही. काच पूर्ण वर करून हँडल कुठल्या दिशेला आहे त्याचा फोटो काढा. हँडलच्या मागे स्प्रिंगची छोटी क्लिप असते. पातळ फडक्याची पट्टी मागे अडकवून बूट पुसल्यासारखी इकडून तिकडे ओढली की ती उडते, म्हणून दुसरा हात समोर धरा. मग आतल्या कडीच्या चौकटीचा स्क्रू आणि ओढायच्या मुठीचे स्क्रू काढा. कडेच्या क्लिपांसाठी चिमट्यासारख्या फाट्याची पट्टी लागते आणि ती बरोबर क्लिपखालीच गेली पाहिजे. दोन क्लिपांच्या मधे जोर लावला की पुठ्ठा तुटलाच. सगळ्या क्लिपा सुटल्यावर पॅनल सरळ वर उचला, काचेच्या काठावरून ते मोकळं होईल.

आता दार. तळाची भोकं केबल टायच्या टोकाने मोकळी करा. तारेने नको, रंग खरवडला की तिथूनच गंज धरतो. बाहेरून काचेवर तांब्याभर पाणी ओता. ते लगेच खालून ठिबकलं पाहिजे. पडदा बदलायचा असेल तर ०.१५ मिलिमीटरचं पॉलिथिन आणि ब्युटिलची दोरी घ्या. जुनं ब्युटिल सकाळच्या गारव्यात सुरीने कापा, उन्हात त्याच्या तारा सुटतात. पडद्याची खालची कड पत्र्याच्या बाहेर लोंबू देऊ नका. ती दाराच्या आत वळवा, म्हणजे त्यावर पडलेलं पाणी आतच गळेल. इथे कापडी चिकटपट्टी वापरू नका, उन्हाने तिचा डिंक पाघळतो.

मग पुठ्ठा. काठाची जाडी मोजा. चार मिलिमीटरपेक्षा जास्त फुगलाय किंवा पापुद्रे सुटलेत, तर तो भाग वाचत नाही. नुसता वाकलाय, तर मागची बाजू ओल्या फडक्याने किंचित दमट करून दोन सपाट फळ्यांत वजनाखाली दोन-तीन दिवस ठेवा. पूर्ण कोरडा झाला की मागची बाजू आणि खास करून कापलेल्या कडा यांना तेलाच्या पॉलियुरेथेन वॉर्निशचे दोन हात द्या. पाणी सगळ्यात आधी कडेतूनच शिरतं.

फाटलेली क्लिपची भोकं हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग. भोक किल्लीच्या भोकासारखं असतं: क्लिपचं डोकं रुंद बाजूने शिरतं आणि अरुंद बाजूला सरकवलं की पुठ्ठा तिच्या दोन चकत्यांमधे धरला जातो. तिथे मागून जाड ठिगळ लावलं तर जाडी वाढते आणि चकत्या बसतच नाहीत. म्हणून ०.८ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घ्या, त्यात तसंच भोक पाडा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत करा, पुठ्ठा तेवढाच घासून खाली घ्या आणि सावकाश सुकणाऱ्या इपॉक्सीने बसवा. इपॉक्सी रेक्झिनच्या मागच्या फटीत गळू देऊ नका, नाहीतर क्लिपचं डोकं सरकायला जागा उरत नाही.

चारपेक्षा जास्त भोकं गेली असतील तर मी ठिगळांच्या नादाला लागणार नाही. जुना पुठ्ठा साचा म्हणून ठेवून तीन मिलिमीटरच्या प्लायवूडवर किंवा एबीएस (कडक प्लॅस्टिक) शीटवर नवा कापा. पाच मिलिमीटरचं प्लायवूड मजबूत वाटतं, पण क्लिपा बसत नाहीत आणि काचेचं हँडल घासतं. वरच्या काठाची लोखंडी पट्टी आणि काचेची आतली रबरपट्टी जुन्या पॅनलवरून जपून काढून नव्यावर लावा.

रेक्झिन फाटलेलं नसेल तर मूळचंच ठेवा. त्याचा पोत बाजारातल्या रेक्झिनशी तंतोतंत जुळत नाही. बदलायचंच झालं तर मागे कापड असलेलं, ताणलं जाणारं, साधारण एक मिलिमीटरचं घ्या. १३७ सेंटिमीटर पन्ह्याचं दीड मीटर दोन्ही दारांना पुरतं. खरी फसवणूक गोंदात होते. साध्या कॉन्टॅक्ट गोंदात रेक्झिनमधलं मऊपणाचं तेल हळूहळू उतरतं, गोंद चिकचिकीत होतो आणि उन्हात तापलेल्या गाडीत कड उलगडते. डब्यावर मऊ व्हिनाइलसाठी (म्हणजे रेक्झिनसाठी) आणि उष्णतेसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या. दोन्ही बाजूंना पातळ हात द्या आणि बोटाला चिकटेनासा झाला की मगच जोडा. साधारण १० ते १५ मिनिटं लागतात. घाई केली तर आत अडकलेलं सॉल्व्हंट नंतर फुगे काढतं.

मधून सुरुवात करून हाताने कडांकडे दाबत जा. मागे २० ते २५ मिलिमीटर वळवा. आतल्या वळणावर कात्रीने चिरा द्या, पण काठाच्या तीन मिलिमीटर आधी थांबा. बाहेरच्या कोपऱ्यावर जमलेल्या चुण्या कापून सपाट करा, नाहीतर पॅनल तिथे दारापासून उभं राहतं. रेक्झिन मऊ करायला हीट गन वापरलीत तर ती १५-२० सेंटिमीटरवरून सतत फिरवत ठेवा. एका जागी थांबली की पोत विरघळून तुकतुकीत डाग पडतो आणि तो परत जात नाही. स्टेपल मारू नका, तीन मिलिमीटरच्या पुठ्ठ्यातून टोक थेट रेक्झिनबाहेर येतं. हँडलचं भोक मागून फुलीसारखं कापा, आधी लहानच.

बसवताना क्लिपा सगळ्या नव्या घ्या. आधी पॅनल वरून काचेच्या काठावर अडकवा, मग एका कोपऱ्यातून सुरुवात करून प्रत्येक क्लिप भोकासमोर आली का ते पाहून तळहाताने दाबा. समोर आली नसेल तर ठोकू नका, क्लिप किल्लीच्या भोकात सरकवून जुळवा. हँडल शेवटी, स्प्रिंग क्लिप आधी त्यातच बसवून, फोटोतल्या दिशेने दाबून लावा.