कडकपणाने पोरं सरळ होत नाहीत

बालसुधारगृहातल्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तुला कुणीतरी सांगेल, "दोन फटके दिले, कोंडून ठेवलं, की सरळ होतात." ऐकून घे, पण मनावर घेऊ नकोस.

किरकोळ चोरीसाठी आलेला एक मुलगा मला आठवतो. किल्ल्यांचा आवाज झाला की पाठ भिंतीला लावायचा. जेवताना ताटाभोवती हाताचं कुंपण. दोन महिन्यांत कुलूप कसं उघडायचं आणि आधी कुणाला मारायचं, दोन्ही शिकला. शिकवणारे त्याच्याच खोलीतले! या वयात बरोबरीच्यांची शाबासकी मोठ्यांच्या शिक्षेपेक्षा भारी पडते.

शिकागोतल्या मुलांवरचा २०१५ चा अभ्यास जरूर वाच. तिथे प्रकरण कडक न्यायाधीशाकडे जाणार की सौम्य, हे जवळपास चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं, म्हणून तुलना भरवशाची. कोंडलेल्या मुलांची शाळा जास्त सुटली, आणि मोठेपणी तुरुंगात जाण्याचं प्रमाणही त्यांच्यातच वाढलं.

भांडण झालं तर दोघांना वेगळं कर, आवाज खाली ठेव, अर्ध्या तासाने बोल. एकांतकोठडी नकोच. आणि घरच्यांची भेट बंद करण्याची शिक्षा कधीही देऊ नकोस. त्या मुलाकडे आठवडाभर वाट बघण्यासारखं तेवढंच होतं.