आधी तो भुसा बाहेर टाका

ताई, दोन पांढऱ्या उंदरांसाठी सॉ मिलमधून फुकटचा भुसा आणता, खायला मोंढ्यातली गोळी पेंड घालता आणि आठवड्यापासून दोघी शिंकायल्यात, असं तुम्ही लिहिलंत. वाचलं आणि माझी उंदरीण चिंगी डोळ्यांपुढं उभी राहिली. मी डॉक्टर नाही, नऊ वर्षं उंदीर पाळतोय, तेवढ्या अनुभवावरून सांगतो.

पिंजरा, जोडी, पाण्याची बाटली हे तुम्हाला ठाऊक असणारच. भुसा मात्र आजच काढा. मीही तोच आणायचो. करवतीखालच्या भुशात निम्मी धूळच असते, आणि पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन त्यात हमखास मिसळलेलं. पाइन-देवदाराचा जो वास आपल्याला छान वाटतो, तोच त्यांच्या श्वासनलिकेला झोंबतो. बहुतेक पाळीव उंदरांच्या अंगात मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू आधीच असतो. धूळ आणि साचलेल्या लघवीचा अमोनिया मिळाला की तो बळावतो आणि फुप्फुसात उतरतो. चिंगीच्या नाकाभोवती लाल दिसलं तेव्हा मला रक्तच वाटलं. ते पॉर्फिरिन असतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येतं. आजारपणात किंवा ताणात ते जास्त दिसतं.

तिला भोकं पाडलेल्या डब्यात घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात तीन दिवस खेटे घातले. पहिल्या दिवशी रजिस्टरात उंदराची नोंद होत नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी साहेब लसीकरणाला गेलेले. तिसऱ्या दिवशी एकजण म्हणाला, उंदराचं औषध कृषी केंद्रात मिळतं. मी डबा मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि तो विषाबद्दल बोलत होता. चौथ्या दिवशी सकाळी चिंगी तोंड उघडून श्वास घ्यायला लागली आणि परभणीची गाडी लागायच्या आत स्टँडवरच गेली. नाही म्हणायचं होतं तर पहिल्याच दिवशी म्हणायचं, मी त्याच दिवशी निघालो असतो. तो राग अजून गेलेला नाही. तिची जोडीदारीण दुसऱ्या डॉक्टरांच्या डॉक्सीसायक्लिन या जंतुनाशक औषधानं वाचली. डोस वजनावर ठरतो, मेडिकलवाल्याला विचारून देऊ नका. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. फोन करून "उंदीर बघता का" एवढं आधी विचारून घ्या.

आता स्वस्तातलं अंथरूण. माझ्या मते झेरॉक्सच्या दुकानातला रद्दी कागद सगळ्यात बरा. पिना काढायच्या, पट्ट्या फाडायच्या, वर पुठ्ठ्याचे तुकडे. ओला कोपरा रोज काढायचा, बाकी चार-पाच दिवसांनी बदलायचं. कापड चांगलं असतं म्हणतात, पण आठ दिवसांनी टँकर येणाऱ्या गल्लीत ते धुणार कशानं? शिवाय सुती कापडाचे दोरे बोटांना गुंडाळतात. कडब्याची कुट्टीही नको, टोचते आणि धूळ करते.

गोळी पेंड बंद करा. ती रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी असते, काहींत युरियाही घालतात. सरकी पेंडीतलं गॉसिपॉल उंदराला बाधतं. शेंगदाणा पेंड आणि बुरशी लागलेले शेंगदाणे तर अजिबात नको, त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते उंदराच्या यकृतावर जातं. प्रयोगशाळेतल्या उंदरांसाठी बनवतात त्या गोळ्या मिळाल्या तर निम्मं खाणं तेच ठेवा, कारण घरच्या मिश्रणात काही ना काही कमी पडतंच. उरलेल्यात हायब्रीड ज्वारी, थोडी बाजरी, उकडलेली सोयाबीन वडी, भाजीचे तुकडे, कधीमधी उकडलेलं अंडं. कच्चा राजमा-वाल नको. एका मोठ्या उंदराला दिवसाला पंधरा-वीस ग्रॅम पुरतं. वाटी भरून ठेवली तर आवडीचं वेचून खातात आणि ज्वारी तशीच राहते, म्हणून संपल्यावरच पुढचं घाला.

उन्हाळ्यात पिंजऱ्यात मातीचं छोटं मडकं आडवं ठेवा, बाहेरून ओलं फडकं गुंडाळून. त्यांना घाम येत नाही, आपल्याकडच्या मे महिन्यात उंदीर उष्णतेनं दगावतात.

आज रात्री पंखा बंद करून एकेकीला कानाशी धरा. भुसा काढल्यावर नुसत्या शिंका राहिल्या तर दोन-तीन दिवस बघा. छातीत करकर वाजत असेल किंवा बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर तालुक्यात वेळ घालवू नका, सकाळच्या पहिल्या गाडीनं निघा. दोघींनाही सोबत न्या.