छोट्या कंपनीने वेगवेगळी सॉफ्टवेअर जोडावीत की एकच मोठी ईआरपी घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लोहार चाळीत ऑफिस, भिवंडीत गोदाम, एसी आणि सुट्या भागांचा होलसेल धंदा. हिशोब टॅलीत, ऑर्डरी वेबसाइटवर, माल गोदामाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि रोज संध्याकाळी दोघंजण एक्सेलमधून इकडचं तिकडे भरतात. सगळं बदलून ईआरपी, म्हणजे हिशोब, ऑर्डरी, माल एकाच ठिकाणी सांभाळणारं मोठं सॉफ्टवेअर, घ्यावी का?

माझं मत, आहे ते जोडा. मी मुंबईत हेच काम करतो. अकाउंटंटचा हात टॅलीवर बसलेला असतो, आणि टॅलीत बाहेरून एक्सएमएल या ठरलेल्या साच्यातल्या फाइलने व्हाउचर, म्हणजे हिशोबाची नोंद, पाठवता येतं. मग ती काढायची कशाला? कारखाना असता, कच्च्या मालापासून उत्पादनाचं नियोजन करायचं असतं, तर ईआरपीचा विचार मीच सुचवला असता.

पण प्रोग्रामरला बोलावण्याआधी कुठली माहिती कुणाच्या ताब्यात, हे कागदावर लिहून काढा. ग्राहकाचा जीएसटी नंबर आणि उधारीची मर्यादा टॅलीत बदलायची, शिल्लक गोदामात. बाकीच्यांनी ती नुसती वाचायची. हे न ठरवता जोडलंत तर आज संध्याकाळी एक्सेल भरताना सापडणारी चूक काही सेकंदांत तिन्हीकडे जाऊन बसेल.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या मालाची मूळ यादी. एसीची तांब्याची पाइप घ्या. खरेदीचं बिल किलोत येतं, गोदामात कॉइल मोजतात, फिटर फुटात मागतो. टॅलीत तिचं नाव ‘कॉपर पाइप’, वेबसाइटवर मापासकट वेगळंच. अशा प्रत्येक मालाला एक कोड आणि एककांचं ठरलेलं गणित हवं. ते गोदामात वर्षानुवर्षं काम केलेला माणूसच नीट करून देतो, त्याला या कामासाठी मोकळा करा.

माहिती एका जागी ठेवल्याचा फायदा कधी कळतो? २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला, एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ज्यांनी कराचा दर एका जागी ठेवला होता, त्यांना तो तिथेच बदलायचा होता. ज्यांचा दर प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळा भरलेला, त्यांना प्रत्येक ठिकाणी, आणि एक जरी राहिलं तरी बिल चुकणार.

दुसरं, सॉफ्टवेअर एकमेकांना थेट जोडू नका. तिघांच्या तीनच जोडण्या होतात, पण उद्या सहा सॉफ्टवेअर झाली की पंधरा. मध्ये एक थर ठेवा, म्हणजे एकाचा निरोप घेऊन दुसऱ्याला देणारं सॉफ्टवेअर, प्रत्येकाने फक्त त्याच्याशी बोलायचं. यूपीआयमध्ये बँका एकमेकींना थेट जोडलेल्या नाहीत, सगळ्या यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यंत्रणेला जोडलेल्या आहेत. मधला थर असला की उद्या वेबसाइट बदलली तरी टॅलीला हात लावावा लागत नाही. धंद्याची लवचिकता म्हणतात ती मला इथेच दिसते.

क्रमाकडेही लक्ष द्या. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर तुम्हाला ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतोच, आणि तो पोर्टलवर फक्त २४ तासांत रद्द करता येतो, दुरुस्त तर करताच येत नाही. म्हणून ऑर्डर आल्या आल्या बिल फाडू नका. गोदामात माल प्रत्यक्ष काढून मोजला की मगच. नाहीतर दोन नग कमी निघाले की बिलाची रक्कम कमी करणाऱ्या क्रेडिट नोटांचा ढीग लागतो.

नेट गेलं तर तोच निरोप दोनदा येतो, तेव्हा ऑर्डर नंबर आधी आलाय का हे तपासूनच नोंद व्हायला हवी. अडकलेल्या निरोपांची यादी रोज सकाळी बिलिंग बघणाऱ्या माणसासमोर यावी, आयटीवाल्याच्या ईमेलमध्ये पडून राहू नये.

सुरुवात वेबसाइटची ऑर्डर गोदामात जाण्यापासून करा, टॅली नंतर. पहिला महिनाभर एक्सेलही चालू ठेवा आणि महिनाअखेरीस दोन्हीकडची शिल्लक आयटमवार ताडून बघा. जुळली की मगच एक्सेल बंद.