नजर कमी असलेल्या भावाला कॉलेजचा अभ्यास झेपत नाही, ट्यूशन लावू का?

तुमचा भाऊ खानापूरहून रोज बसनं बेळगावला बी.ए.ला येतो, नजर अगदी कमी, दहावीपर्यंत मराठी माध्यम. रात्री तुम्ही तासभर पुस्तक वाचून दाखवता आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. म्हणून ट्यूशन लावू का, असं विचारलंय.

नको. मी स्वतः अल्पदृष्टी, बेळगावातच बी.ए. झालो. माझी अक्का अशीच वाचायची. मी हूं हूं करायचो, धडा संपायचा, डोकं होतं तिथंच. दोन पानं वाचून पुस्तक मिटा आणि म्हणा, आता तू सांग. मराठीतच सांगू दे. अडेल, चुकेल, लगेच सुधारू नका. ते मोबाईलवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी बसमध्ये ऐकेल. कुठं अडलो ते स्वतःच्या आवाजात पक्कं कळतं. इंग्रजी शब्द मात्र वेगळे घ्या, रोज पाचच, पण स्पेलिंगसकट.

स्पेलिंग कशाला, तर ऐका. पहिल्या सेमिस्टरला मला लेखनिक, म्हणजे मी सांगेन ते पेपरात लिहिणारा पोरगा, मिळाला, वाढीव वेळ मिळाला, तरी दोन प्रश्न सुटले नाहीत. उत्तरं येत होती! मी 'सॉव्हरिन्टी' (सार्वभौमत्व) म्हटलं आणि पोराचं पेन थांबलं. "स्पेलिंग सांगा की." मलाच येईना, शब्द जन्मभर कानानं शिकलेला. मागचं वाक्य काय सांगितलं तेही विसरलो, आणि "परत वाच" म्हणता येतं हे सुचलंच नाही. नवा परिच्छेद कुठं, तेही सांगितलं नाही; अख्खा पेपर एकच ढीग.

हक्काचं थोडक्यात सांगतो. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्याला दर तासामागे किमान 20 मिनिटं वाढीव, आणि लेखनिकाला परीक्षेच्या दोन दिवस आधी भेटायची सोय होती; सध्याचा नियम कॉलेजात विचारून घ्या. ही भेट सोडू नका. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स जोडून प्राचार्यांना अर्ज सेमिस्टरच्या सुरुवातीलाच द्या आणि पोच घ्या. हॉल तिकीट आल्यावर पळापळ केली की "आधी का नाही सांगितलं" ऐकावं लागतं.

वर्गात पहिला बेंच हवा, हे सगळेच सांगतात. त्याहून महत्त्वाचं, खिडकी पाठीमागे हवी. समोरून उजेड आला तर पहिल्या बेंचवरूनही फळा नुसता पांढरा दिसतो.

अर्थशास्त्र असेल तर आलेख वाचून दाखवून कळणार नाहीत. पुठ्ठ्यावर फेविकॉलनं सुतळी चिकटवा. मागणीच्या रेषेवर बोट उजवीकडे नेलं की खाली घसरतं, पुरवठ्याच्या रेषेवर चढतं, आणि सुतळीवर सुतळी येते तिथं बोटाला उंचवटा लागतो. तो समतोल. मला तो दोन महिने शब्दांत कळला नव्हता, पुठ्ठ्यावर पाच मिनिटांत कळला.

पुस्तकं ऐकायला सुगम्य पुस्तकालय हे दृष्टिहीनांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय आहे, नोंदणी करून ठेवा.

ट्यूशनचे पैसे वाचवा आणि येत्या रविवारी शेजारचा पीयूसीचा (अकरावी-बारावीचा) एखादा पोरगा चहा-चिवड्यावर बसवा. मागच्या वर्षाचा पेपर, घड्याळ लावून. भाऊ सांगेल, तो लिहील, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. पहिल्या अर्ध्या तासात दोघांचं भांडण होईल. होऊ दे.