‘मॅडम शाळा घेते’

मागच्या महिन्यात आर्णीकडच्या एका मुलीनं मला विचारलं. तिच्या वडिलांना वर्षभरापासून जीव घाबरण्याचा त्रास आहे. एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या, कशाच्या ते सांगितलं नाही. मग एका समुपदेशकाकडे नेलं, तर तिथं पाऊण तास सकारात्मक विचारांवर भाषण ऐकून आले. आता म्हणतात, "मले नाई जायचं कुठीच." तिचा प्रश्न असा की चांगला समुपदेशक ओळखायचा कसा? आणि एकाकडे जमलं नाही तर दुसरा शोधायचा, की आपल्याच माणसात खोट आहे असं धरायचं?

मी समुपदेशक आहे, हा प्रश्न मला नेहमी येतो. उत्तरादाखल, माझ्याच हातून जवळजवळ सुटलेल्या एका माणसाची गोष्ट सांगते. सांगायला त्यांनी होकार दिला आहे. ओळख पटेल असं बरंच मी बदललं आहे.

काकाजी एसटीत चालक होते. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद या रस्त्यांवर उमर गेली. 58 पूर्ण झाले, आगारात हार घातला, नारळ दिला, आणि ते गावी आले. चार महिन्यांनी भाचीच्या लग्नाला निघाले. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते प्रवासी म्हणून मागच्या सीटवर बसले असतील. गाडी स्टँडबाहेर पडली आणि छातीत धडधड सुरू झाली. बोटांना मुंग्या आल्या, घसा आवळला. कंडक्टरला घंटी मारायला लावून ते एका फाट्यावर उतरले आणि भर उन्हात बाभळीखाली बसून राहिले. काकू वऱ्हाडासोबत पुढं निघून गेलेल्या. मग ईसीजी झाला, इको झाला, थायरॉइड झालं, साखर झाली. सगळं ठीक. कोणी गॅस म्हटलं, कोणी बाहेरचं म्हटलं, दंडाला दोरा बांधून झाला. माझ्याकडे आले तेव्हा आठ महिने ते कुठल्याच गाडीत बसले नव्हते. पुतण्याच्या मोटरसायकलवर मागं बसून आले, तेही डोळे मिटून.

आता माझी चूक. तालुक्याला औषधाच्या दुकानावरच्या खोलीत मी आठवड्यातून दोन दिवस बसते. पहिल्या भेटीत मी चार पानांचा फॉर्म भरून घेतला. श्वास मोजायचा व्यायाम शिकवला. रोज मनात आलेले विचार वहीत लिहायला सांगितलं. वर मोठ्या हौशीनं म्हटलं, "काकाजी, मनाचं स्टिअरिंग तुमच्याच हातात आहे." ते प्रत्येक वाक्याला "हो जी" म्हणत होते. दुसऱ्या भेटीतही "हो जी", तिसऱ्या भेटीतही. वही कोरीच. चौथ्या वेळी आलेच नाहीत.

आपल्याकडचा ‘हो जी’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकते, म्हणते, आणि तरी त्या खोलीत मला तो कळला नाही. तो होकार नसतो. समोरच्याचा मान ठेवायचा असतो, बस. मोठ्या साहेबाला, डॉक्टरला, मास्तरला आपण ‘हो जी’ म्हणतो आणि घरी जाऊन आपल्याला वाटेल ते करतो.

दोन आठवड्यांनी काकू एकट्याच आल्या. अर्ध्या तिकिटात येता येतं म्हणून आले, असं आधीच सांगून टाकलं. मग म्हणाल्या, "ते नाई येत. म्हन्ते, मॅडम शाळा घेते. मनाचं स्टिअरिंग म्हन्ते, तिनं कदी गाडी चालवली काय?" मला हसू आलं आणि लागलंही. त्यांनी विचारलं, ते तुमच्याजवळ काय बोलले? ते मी सांगितलं नाही. नवरा-बायको असले तरी एकाचं बोलणं दुसऱ्याला त्याला न विचारता सांगायचं नसतं. मानसिक आरोग्याच्या उपचारात गोपनीयता हा रुग्णाचा हक्कच आहे, 2017 च्या कायद्यात तसं लिहिलेलं आहे. (गावात हे पाळणं किती अवघड जातं ते मलाच माहीत. खाली दुकानदार रोज विचारतो, "तो माणूस काहून आला होता जी?") मी काकूंबरोबर एवढाच निरोप दिला: माझं कुठं चुकलं, ते सांगायला एकदा या.

आणि ते आले. फॉर्म नाही, वही नाही. पाणी दिलं, आणि बोला म्हटलं.

"तुमी मले श्वास मोजाले लावता. मोजाले बसलो का मले वाटते, आता हा बंद पडते. मंग अजून घाबरते जीव. अन् लिवाचं म्हनसान तं, मी रातच्याले विचार लिवत बसू? घरचे पायतीन तं काय म्हन्तीन?"

दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. श्वासावर लक्ष दिलं की काहींची घबराट वाढते, हे आम्हाला शिकवलेलं असतं. मी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी प्रथम आम्ही मिळून ठरवलं की नेमकं काय हवंय. मला वाटलं होतं, घबराट जावी. ते म्हणाले, "घबराट राहो का जावो, मले पुसदच्या पोरीच्या घरी एसटीनं जाता आलं पायजे. अन् घरात कोनी मले काही इचारलं पायजे." दुसरं वाक्य ते खाली बघून बोलले.

नंतर मी विचारलं, नवा चालक तयार कसा करतात? यावर ते अर्धा तास बोलले. घाटात कोणी पहिल्याच दिवशी पाठवत नाही. आधी आगाराच्या आवारात, मग रिकामी गाडी, मग जवळची फेरी, बाजूला जुना माणूस बसलेला. मी म्हटलं, मग तुमच्यासाठी अशीच यादी तुम्ही करा. यादी त्यांनीच केली. स्टँडवर उभ्या गाडीत दहा मिनिटं बसायचं. मग पहिल्या थांब्यापर्यंत, पुतण्या सोबत. मग एकटं. मग फाट्यापर्यंत, जिथं ते उतरले होते तिथंच. मग दिग्रस. शेवटी पुसद, गर्दीच्या दिवशी, मागच्या सीटवर.

मी माझ्या बाजूनं दोन गोष्टी घातल्या. घाबरलो की आपण नकळत भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात त्या त्यानं, डोकं हलकं होतं ते त्यानं. हार्टचा झटका तो नव्हे, आणि तुमचे रिपोर्ट तसं सांगतातच. दुसरं म्हणजे ही लाट साधारण दहा मिनिटांत शिगेला जाते आणि आपोआप उतरते. पण लाट वर असतानाच आपण गाडीतून उतरून गेलो, तर मेंदू धरून बसतो की उतरलो म्हणून वाचलो. म्हणून लाट ओसरेपर्यंत गाडीत बसायचं. काकाजींनी हे ऐकलं आणि विचारलं, "अन् नाईच ओसरली तं?" मी म्हटलं, तर मला येऊन सांगा, यादी बदलू. या वेळी ‘हो जी’ म्हणाले नाहीत. "पाहू," म्हणाले. मला तो ‘पाहू’ फार आवडला.

विचारांच्या वहीऐवजी लॉगशीट आली, तीही त्यांचीच कल्पना. कुठून कुठं, किती वाजता, घबराट दहापैकी किती, किती मिनिटांनी उतरली. चार रकाने. एकही रकाना कधी रिकामा नव्हता.

दरम्यान एक गोष्ट उशिरा बाहेर आली. झोपेची एक गोळी ते कित्येक महिने घेत होते, कोणीतरी कधीतरी दिलेली जुनी चिठ्ठी दाखवून. स्टँडवर जायच्या आधीही अर्धी. समुपदेशकानं अशा वेळी आपली हद्द ओळखावी. औषध देणं, बदलणं, बंद करणं हे मनोविकारतज्ज्ञांचं काम. मी त्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवलं. पाठवण्याआधी विचारलं, आणि त्यांना काय भीती आहे तेही ऐकलं. भीती नेहमीचीच, गोळीची सवय लागेल. खरं तर सवय जी लागायची ती त्या झोपेच्या गोळीची लागते, आणि ती एकदम सोडूनही चालत नाही, हळूहळू कमी करावी लागते. चिंतेवर आता जी औषधं सहसा सुरू करतात त्यांची तशी चटक लागत नाही, पण गुण यायला काही आठवडे लागतात आणि मनानं बंद करायची नसतात. तिथल्या डॉक्टरांनी हे नीट समजावलं.

घरातली गाठ जास्त चिवट होती. काकाजी पहाटे साडेतीनला उठायचे, दाढी करायचे, कपडे घालून ओट्यावर बसायचे. पाच वाजताची गाडी तीस वर्षं काढली होती ना. दिवसभर वावरात जाऊन हुकूम सोडायचे. त्यांच्या संमतीनं काकूंना एका भेटीत बोलावलं. काकू गप्पच होत्या, मग एकदम: "तीस वर्सं हे रस्त्यावर होते. पेरनी मी केली, निंदन मी केलं, मजुराचे पैसे मी देल्ले, कृषी केंद्राची उधारी मी फेडली. आता हे मले सांगते का तूर कुठी लावाची!" काकाजी हबकले. मला वाटतं, त्यांना हे माहीत होतं. कानांनी प्रथम ऐकलं.

हरभऱ्याला रात्रीच्या विजेच्या लाइनीत पाणी द्यायचं आणि रोह्या (नीलगायी) अन् डुकरांसाठी जागल करायची, हे काम काकूंनी त्यांना दिलं. मी विरोध केला. घबराटीच्या माणसानं रात्रीची झोप मोडू नये, असं मी म्हटलं. काकाजी म्हणाले, "मॅडम, मुक्कामी गाडी मी किती वर्सं काढली!" तीन आठवडे करून बघू, झोप लॉगशीटवर लिहू, मग ठरवू, असं ठरलं. पहिल्या आठवड्यात माझं खरं ठरलं, घबराटीचे आकडे चढले. मग त्यांनी पुतण्याशी पाळी लावली, एकाआड एक रात्र. तेव्हा त्यांचं खरं ठरलं.

तर त्या मुलीला मी हेच लिहिलं. पहिल्या भेटीत समोरच्याला विचारा, शिक्षण काय, काय करणार, साधारण किती भेटी, गुण नाही आला तर पुढं काय, कोणाकोणाला कळेल. नीट उत्तर देणारा आणि विचारल्याचा राग न मानणारा चालेल. दोन-तीन भेटींनंतर तुम्ही ‘हे जमत नाही’ म्हटलं आणि त्यानं काही बदललं, तर राहा. तुमच्यावरच दोष ठेवला, तर दुसरा शोधा, त्यात लाज नाही. वडिलांना समोरासमोर जायचं नसेल तर 14416 हा टेलिमानस या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे. सरकारी, मोफत, 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू, मराठीत बोलता येतं. घरात सगळ्यांच्या कानांवर जाईल असं वाटत असेल तर वावरात जाऊन फोन करावा. तिकडं रेंजही बरी मिळते.

काकाजी पुसदला जाऊन आले, दोनदा. मागच्या सीटवर नाही, अजून पुढंच बसतात, चालकाच्या बरोबर मागं, आणि त्याला गिअर कुठं बदलायचा ते सांगत राहतात, असं काकू म्हणतात. घबराट दहापैकी तीन. शेवटच्या भेटीत मी विचारलं, माझ्यासाठी काही सूचना? थोडं थांबून म्हणाले, "तुमचा तो फॉर्म लय लांबट हाय जी. मानूस तं फॉर्ममंदीच घाबरते."

चार पानांचा फॉर्म आता एका पानावर आला आहे. पहिला प्रश्न, इथवर कसे आलात, कोणासंगं.